आल्डो लिओपोल्ड

रँड आल्डो लिओपोल्ड (११ जानेवारी, १८८७:बर्लिंग्टन, आयोवा, अमेरिका - २१ एप्रिल, १९४८:सॉक काउंटी, विस्कॉन्सिन, अमेरिका) हे अमेरिकन वनाधिकारी, वन्यजीवशास्त्रज्ञ, प्राध्यापक आणि लेखक होते. वन्यजीव व्यवस्थापन या विषयाला विद्यापीठीय शास्त्राचा दर्जा मिळवून देणाऱ्यांत त्यांचे स्थान अग्रभागी मानले जाते. मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या अ सँड काउंटी अल्मनॅक या निबंधसंग्रहामुळे त्यांचे नाव जगभर पोहोचले. आयुष्याची अखेरची पाच वर्षे ते विस्कॉन्सिन राज्याच्या संवर्धन आयोगाचे सदस्य होते. मासे, शिकारीचे प्राणी, वने आणि उद्याने यांचा कारभार पाहणाऱ्या या आयोगावरील त्यांची कारकीर्द वादळी ठरली आणि त्यांच्या हयातीत ती बव्हंशी अपयशी मानली गेली. त्यांचे ग्रंथ वाचणाऱ्या अनेकांना जीवनाची ही बाजू ठाऊक नसते.

बालपण आणि शिक्षण

लिओपोल्ड यांचा जन्म मिसिसिपी नदीकाठच्या बर्लिंग्टन या गावी जर्मन वंशाच्या सुस्थित कुटुंबात झाला. वडील कार्ल लिओपोल्ड यांचा लाकडी मेजे बनविण्याचा कारखाना होता. आईचे नाव क्लारा. चार भावंडांत आल्डो थोरले. घर नदीकाठच्या उंच कड्यावर होते आणि वसंत व शरद ऋतूंत स्थलांतर करणाऱ्या बदकांचे थवे तेथून दिसत. कार्ल हे हौशी शिकारी असले तरी त्यांनी स्वतःसाठी काही नियम घालून घेतले होते. विणीच्या हंगामापूर्वी वसंतात होणारी पाणपक्ष्यांची शिकार कायद्याने बंद होण्याच्या कितीतरी आधी त्यांनी स्वतःहून सोडली होती. कायदा पोहोचत नाही तेथे शिकाऱ्याने स्वतःला आवर घातला पाहिजे, हा संस्कार मुलाला घरातूनच मिळाला.

न्यू जर्सीतील लॉरेन्सव्हिल येथील शाळेनंतर ते येल विद्यापीठात गेले. तेथील वनविद्यालयातून १९०९ मध्ये त्यांनी वनशास्त्रातील पदव्युत्तर पदवी घेतली आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या वनसेवेत प्रवेश केला.

नैऋत्य अमेरिकेतील वनसेवा

पहिली नेमणूक ॲरिझोनातील अपाची राष्ट्रीय वनात झाली. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको यांना त्या वेळी राज्याचा दर्जाही मिळालेला नव्हता. सर्वेक्षणावर असताना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लांडगीवर गोळ्या झाडल्या. लांडगे कमी झाले म्हणजे हरणे वाढतील आणि हरणे वाढली म्हणजे शिकाऱ्यांचे भले होईल, हा तेव्हाचा सर्वमान्य समज होता आणि तरुण लिओपोल्डही त्याला अपवाद नव्हते. मरणासन्न लांडगीचे डोळे आपण विसरू शकलो नाही, हे त्यांनी लिहिले ते सुमारे ३५ वर्षांनंतर. मधल्या काळात, विशेषतः १९१५ नंतरच्या दशकात, त्यांनी न्यू मेक्सिकोतील लांडगे आणि प्यूमा समूळ नष्ट करण्याच्या मोहिमेचा जाहीर पुरस्कार केला होता. मतपरिवर्तन त्या एका प्रसंगाने घडले असे अनेक लोकप्रिय चरित्रकथांतून सूचित केले जाते. ते वस्तुस्थितीला धरून नाही.

१९११ मध्ये त्यांची बदली उत्तर न्यू मेक्सिकोतील कार्सन राष्ट्रीय वनात झाली व लवकरच ते तेथील प्रमुख झाले. ९ ऑक्टोबर, १९१२ रोजी सांता फे येथे एस्तेला बर्गेरे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९१३ च्या एप्रिलमध्ये दौऱ्यावर असताना ते पाऊस व गारपिटीत सापडले. त्यानंतर मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांना असे ग्रासले की जीव वाचला तरी वर्षाहून अधिक काळ कामाबाहेर राहावे लागले.

या सक्तीच्या विश्रांतीनंतर वनसेवेने त्यांच्याकडे शिकारीचे प्राणी आणि मासे यांच्या रक्षणाचे काम सोपविले. त्यांनी वनरक्षकांसाठी एक माहितीपुस्तिका तयार केली आणि गावोगावी फिरून शिकाऱ्यांच्या संरक्षक संघटना उभ्या केल्या. या संघटनांचे द पाइन कोन नावाचे पत्रही ते चालवीत. संघटनांची मुख्य मागणी राजकीय स्वरूपाची होती. राज्याचा मुख्य शिकार-रक्षक हा पक्षाच्या सोयीने नेमला जाई. निवडणुकीत साह्य करणाऱ्याला ते पद बक्षीस म्हणून मिळे आणि सरकार बदलले की तो जाई. शिकारीचे कायदे पुस्तकात राहत आणि ओळखीच्या माणसावर खटला भरण्यास कोणी धजत नसे. हे पद पक्षीय राजकारणातून बाहेर काढावे, यासाठी लिओपोल्ड यांनी न्यू मेक्सिकोत अनेक वर्षे खटपट केली. पुढे विस्कॉन्सिनमध्ये त्यांनी ज्या आयोगपद्धतीचा पुरस्कार केला, तिचे मूळ या अनुभवात आहे.

गिला नदीच्या उगमाकडील डोंगराळ प्रदेशात रस्ते न करता तो मूळ स्थितीत राखावा, असा प्रस्ताव त्यांनी १९२२ मध्ये मांडला. ३ जून, १९२४ रोजी साडेसात लाख एकरांहून अधिक क्षेत्र त्यासाठी राखून ठेवण्यात आले. वनसेवेच्या जमिनीवर अशा प्रकारे राखलेले हे पहिलेच क्षेत्र होय. या यशाला एक उपरोधिक पुस्ती आहे. लांडगे व प्यूमा मारले गेल्यावर गिलातील हरणे इतकी वाढली की शिकाऱ्यांना आत जाता यावे म्हणून काही वर्षांतच राखीव क्षेत्र दुभंगणारा रस्ता खुला करावा लागला. ज्यांनी रस्ते नकोत म्हटले होते, त्यांनीच पुरस्कारिलेल्या धोरणाचा हा परिणाम होता.

विस्कॉन्सिनमध्ये

१९२४ मध्ये लिओपोल्ड विस्कॉन्सिनची राजधानी मॅडिसन येथे वनोपज प्रयोगशाळेचे सहायक संचालक म्हणून आले. लाकडाच्या उपयोगांवर संशोधन करणाऱ्या या संस्थेत त्यांचे मन रमले नाही. मन रमले ते राज्यातील संवर्धनाच्या राजकारणात.

विस्कॉन्सिनमध्येही मासेमारी, शिकार आणि वने यांचा कारभार राजकीय नेमणुकीवर चाललेला होता. आयझॅक वॉल्टन लीग या मासेमारांच्या व निसर्गप्रेमींच्या संघटनेने त्याविरुद्ध चळवळ केली. लिओपोल्ड तीत सहभागी होते. तिचे फलित म्हणून १९२७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने संवर्धन कायदा केला. त्यानुसार सहा सदस्यांचा संवर्धन आयोग स्थापन झाला. सदस्यांची नेमणूक गव्हर्नराने करावयाची (अमेरिकेत गव्हर्नर हा राज्याचा निवडून आलेला प्रमुख असतो) आणि तिला राज्याच्या सिनेटची संमती घ्यावयाची, अशी तरतूद होती. मुदत सहा वर्षांची, परंतु सर्वांची एकाच वेळी संपणारी नव्हे; त्यामुळे कोणाही एका गव्हर्नराला सत्तेवर येताच संपूर्ण आयोग बदलता येत नसे. तीन सदस्य राज्याच्या उत्तर भागातील व तीन दक्षिण भागातील असावेत, असा दंडक होता. सदस्यांना वेतन नसे. ते नियमित बैठकांत धोरण ठरवीत, तर दैनंदिन कारभार त्यांनी नेमलेला पगारी संचालक आपल्या विभागामार्फत पाही. मत्स्यबीज केंद्रे, तळ्यांत मासे सोडणे, शिकार-रक्षकांचे दल, वणवे विझविण्याची यंत्रणा, राज्य वने व उद्याने हे सर्व या विभागाखाली येत असे. खर्चाचा मोठा भाग मासेमारी व शिकारीच्या परवान्यांच्या शुल्कातून भागे.

पहिल्या संचालकपदासाठी लिओपोल्ड यांचे नाव आघाडीवर होते, परंतु आयोगाने दुसऱ्याची निवड केली. निराश होऊन १९२८ मध्ये त्यांनी वनसेवाच सोडली.

हंगाम कधी सुरू व्हावा, किती दिवस चालावा, एका माणसाने किती प्राणी वा मासे घ्यावेत, हे नियम पूर्वी विधिमंडळ करीत असे. १९३० च्या दशकात हा अधिकार आयोगाकडे आला. त्याचबरोबर १९३४ पासून संवर्धन काँग्रेस नावाची सल्लागार व्यवस्था सुरू झाली. प्रत्येक काउंटीत सभा होई, तेथील शिकारी, मासेमार व शेतकरी आपले प्रतिनिधी निवडीत आणि हे प्रतिनिधी आयोगाला शिफारशी करीत. अशा रीतीने आयोगावर दोन बाजूंनी ओढ असे. एका बाजूला स्वतःच्या विभागातील जीवशास्त्रज्ञ आणि दुसऱ्या बाजूला परवान्याचे पैसे भरणारी जनता. दोघांचे एकमत असेतोवर ही रचना उत्तम चाले.

शास्त्राची पायाभरणी

वनसेवा सोडल्यावर लिओपोल्ड यांनी बंदुका व काडतुसे बनविणाऱ्या कारखानदारांच्या संस्थेच्या खर्चाने मध्य-उत्तरेकडील आठ राज्यांत शिकारीच्या प्राण्यांची पाहणी केली. तिचा अहवाल १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. कारखानदारांचा हेतू उघड होता. प्राणी उरले नाहीत तर बंदुका कोण घेणार? परंतु पाहणीतून निघालेला निष्कर्ष त्या हेतूपलीकडे जाणारा होता. तितर, लावे, ससे यांसारखे प्राणी कमी होण्याचे मुख्य कारण गोळी हे नसून त्यांचा अधिवास नाहीसा होणे हे आहे, असे लिओपोल्ड यांना आढळले. बांधावरची झुडपे तोडली गेली, पाणथळ जागा कोरड्या केल्या गेल्या, कुरणे अतिचराईने उजाड झाली. केवळ शिकारबंदी किंवा पिंजऱ्यात वाढविलेले पक्षी सोडणे हा त्यावर उपाय नव्हता. अमेरिकन शिकार परिषदेने १९३० मध्ये स्वीकारलेले राष्ट्रीय धोरण तयार करणाऱ्या समितीचे तेच अध्यक्ष होते.

१९३३ मध्ये त्यांचा गेम मॅनेजमेंट हा ग्रंथ प्रकाशित झाला. एखाद्या भूभागावर अमुक जातीचे किती प्राणी जगू शकतात, त्यांची वाढ कशाने अडते, अन्न, आडोसा व पाणी यांची मांडणी कशी असावी, याचा पद्धतशीर विचार करणारे हे पहिले पाठ्यपुस्तक मानले जाते. त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांच्यासाठी या विषयाचे अध्यासन निर्माण केले. माजी विद्यार्थ्यांच्या संशोधन प्रतिष्ठानाने पाच वर्षांसाठी प्रतिवर्षी ८,००० डॉलर देऊ केले होते. देशातील असे हे पहिलेच अध्यासन होते. १९३९ मध्ये वन्यजीव व्यवस्थापनाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला.

१९३७ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने पिटमन-रॉबर्टसन कायदा केला. बंदुका व काडतुसांवरील केंद्रीय कराचे उत्पन्न त्यानुसार राज्यांना वन्यजीवांच्या कामासाठी मिळू लागले. मात्र परवान्यांचे पैसे अन्य खात्यांकडे वळविणाऱ्या राज्याला हे अनुदान मिळणार नव्हते. राज्यांच्या आयोगांना स्थिर उत्पन्न मिळाले ते या कायद्यामुळे. विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या नव्या जीवशास्त्रज्ञांना नोकऱ्याही याच पैशातून मिळू लागल्या.

दृष्टिकोनातील बदल

१९३५ च्या शरद ऋतूत लिओपोल्ड जर्मनीतील वनव्यवस्थापन पाहण्यासाठी गेले. तेथे एकाच जातीच्या स्प्रूस वृक्षांच्या रांगा, रोपांभोवती हरणांपासून रक्षणासाठी घातलेली कुंपणे आणि हिवाळ्यात हरणांना दिला जाणारा चारा त्यांनी पाहिला. हरणे भरपूर होती, पण मोठे शिकारी प्राणी नव्हते आणि झाडांखालची वनस्पती जवळजवळ नाहीशी झाली होती. १९३६ व १९३७-३८ मध्ये ते मेक्सिकोतील चिवावा प्रांतात रिओ गाव्हिलान नदीच्या परिसरात गेले. तेथे लांडगे व प्यूमा होते, हरणेही होती, आणि डोंगरउतारावरील गवत व माती शाबूत होती. या दोन प्रवासांनंतर त्यांच्या लेखनात शिकारी प्राण्यांचे स्थान बदललेले दिसते.

ॲरिझोनातील कायबाब पठाराचे उदाहरण ते वारंवार देत. १९०६ मध्ये तेथे हरणांसाठी अभयारण्य झाले, हिंस्र प्राणी मोठ्या प्रमाणावर मारण्यात आले, हरणे बेसुमार वाढली आणि १९२४ नंतरच्या हिवाळ्यांत उपासमारीने मेली. लिओपोल्ड यांनी १९४३ मध्ये या वाढीचा जो आलेख प्रसिद्ध केला, तो पुढे अनेक दशके पाठ्यपुस्तकांत छापला जात होता. १९७० मध्ये ग्रेम कॉघ्ली या जीवशास्त्रज्ञाने दाखवून दिले की त्यामागील आकडे अंदाजी व परस्परविरोधी होते आणि वाढीचे श्रेय केवळ हिंस्र प्राण्यांच्या अभावाला देता येत नाही. हरणांनी पठारावरील झाडोरा खाऊन टाकला व नंतर उपासमार झाली, हा भाग मात्र वादातीत आहे.

हरणांचा प्रश्न

विस्कॉन्सिनच्या उत्तर भागातील जुनी अरण्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तोडली गेली आणि नंतर वणव्यांनी जळाली. त्या उघड्या जमिनीवर वाढलेले कोवळे ॲस्पेन व झुडपे हे पांढऱ्या शेपटीच्या हरणांचे आवडते खाद्य. १९१५ पासून राज्यात केवळ शिंगे असलेला नर मारण्याची मुभा होती आणि १९२५ ते १९३५ या काळात विषम वर्षी हंगाम पूर्ण बंद राही. मादी मारणे हे शिकाऱ्यांच्या पिढीला अनैतिक वाटे. हरणे दुर्मीळ झाली होती त्या काळात हा संकेत योग्यच होता. लांडग्यांवर सरकारी बक्षीस होते. या सर्वांचा परिणाम म्हणून १९४० च्या सुमारास हरणे उदंड झाली.

बर्फ दाट पडला की हरणे सीडरच्या दलदलीसारख्या आडोशाच्या जागी एकवटतात आणि थंडी सरेपर्यंत तेथून फारशी हलत नाहीत. मान उंचावून तोंड पोहोचेल तेवढ्या उंचीपर्यंतचा पाला संपला की आधी पाडसे मरतात. उन्हाळ्यात पर्यटकाला वन हिरवेगार दिसते आणि रस्त्याकडेला हरणांचे कळप दिसतात. प्रश्न आहे हेच त्याला पटत नाही. हिवाळ्यात गवताच्या पेंढ्या टाकण्याचा उपाय लोकप्रिय होता, परंतु गवताने पोट भरूनही हरणे मेल्याचे आढळत होते. शिवाय चारा घालून जगविलेले प्रत्येक जनावर पुढच्या वर्षी त्याच झाडांवर तोंड टाकणार होते. सीडर आणि हेमलॉक यांची नवी रोपे उगवूनही वाढत नव्हती. म्हणजे उद्याचे वन आजच खाल्ले जात होते.

१९४२ मध्ये या प्रश्नाच्या अभ्यासासाठी नागरिकांची एक समिती नेमण्यात आली आणि लिओपोल्ड तिचे अध्यक्ष झाले. सदस्यांनी हिवाळ्यात स्वतः दलदलींतून फिरून मेलेली हरणे मोजली व झाडोऱ्याची पाहणी केली. १९४३ च्या वसंतातील अहवालात समितीने शिंगे नसलेल्या हरणांची, म्हणजे माद्या व पाडसांची, शिकार खुली करावी, कृत्रिम चारा थांबवावा आणि लांडग्यांवरील बक्षीस बंद करावे, असे सुचविले.

आयोगाचे सदस्यत्व

त्याच वर्षी गव्हर्नर वॉल्टर गुडलंड यांनी लिओपोल्ड यांना आयोगावर नेमले. ज्या पद्धतीच्या स्थापनेसाठी ते झटले होते, त्या पद्धतीत आता त्यांचे स्वतःचे एक मत होते, सहापैकी एक.

आयोगाने नोव्हेंबर १९४३ साठी दोन भागांचा हंगाम जाहीर केला. पहिले चार दिवस दुफाट्या शिंगांच्या नरांसाठी आणि मध्ये काही दिवस सोडून पुढचे चार दिवस शिंगे नसलेल्या हरणांसाठी. दोन्ही भागांत मिळून सुमारे १ लाख २८ हजार हरणे मारली गेली. आदल्या वर्षीच्या तुलनेत हा आकडा जवळजवळ तिप्पट होता.

लोकांचा क्षोभ अनावर झाला. बर्फावर पडलेल्या माद्या व पाडसांची दृश्ये अनेकांनी पाहिली होती. उपाशी मेलेली हरणे मात्र दूरच्या दलदलीत मरतात आणि ती फारसे कोणी पाहत नाही. उत्तरेकडील पर्यटन व्यावसायिकांना आपले गिऱ्हाईक जाईल अशी भीती वाटली. राज्यातील अनेक तरुण युद्धावर होते आणि ते परततील तेव्हा हरीण उरणार नाही, असाही सूर निघाला. विस्कॉन्सिनची हरणे वाचवा अशा अर्थाच्या नावाचे एक वृत्तपत्रच सुरू झाले आणि त्याने लिओपोल्ड यांना सातत्याने लक्ष्य केले. त्या हंगामाला विरोधकांनी १९४३ चा गुन्हा असे नाव दिले व ते टिकून राहिले.

विरोधकांचा राग निव्वळ अज्ञानातून आला होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राज्यातील हरणांची खात्रीलायक मोजणी उपलब्ध नव्हती आणि सर्व जिल्ह्यांत परिस्थिती सारखी नव्हती. काही भागांत हरणे उपाशी होती, काही भागांत ती मुळातच कमी होती. हंगामाने मात्र त्यांत पुरेसा फरक केला नाही. शिकारी ज्या ठिकाणी सहज जाऊ शकत तेथे हरणे अधिक मारली गेली आणि खऱ्या गर्दीच्या दलदली बऱ्याच अंशी तशाच राहिल्या. मोजणी अचूक नसली तरी झाडांवरील खुणा पुरेशा बोलक्या आहेत व थांबण्यास वेळ नाही, ही लिओपोल्ड यांची भूमिका होती. नंतरच्या अभ्यासकांनी त्यांच्या निदानाला सामान्यतः दुजोरा दिला आहे, परंतु अंमलबजावणीविषयी मतभेद आहेत.

१९४४ पासून आयोग पुन्हा केवळ नरांच्या हंगामाकडे वळला. लिओपोल्ड बैठकांत माद्यांची मर्यादित शिकार सुचवीत राहिले आणि त्यांच्या हयातीत ते पुन्हा मान्य झाले नाही. काउंटीतील सभांचे ठराव बहुधा विरोधात येत, आणि लोकांच्या सल्ल्याने चालणारा आयोग ते सहसा डावलत नसे. पक्षीय राजकारणापासून खाते वेगळे करण्यासाठी योजलेली रचना लोकमताच्या दबावापासून वेगळी होऊ शकली नव्हती, आणि ती तशी असावी असेही लिओपोल्ड यांनी कधी म्हटले नाही. लोकांना पटवून देण्यात आपण कमी पडलो, असाच त्यांच्या नंतरच्या लेखनाचा कल आहे. लांडग्यांच्या बाबतीतही परिस्थिती निराळी नव्हती. राज्यातील बक्षिसाची पद्धत अखेरची संपली ती १९५७ मध्ये. त्यानंतर थोड्याच काळात विस्कॉन्सिनमध्ये लांडगे उरले नाहीत.

फ्लँबो नदीचे प्रकरण याच काळातील आहे. या नदीचा सुमारे ५० मैलांचा पट्टा हळूहळू खरेदी करून, काठावरील बांधकामे काढून, तो होडीने प्रवास करणाऱ्या तरुणांसाठी वन्य स्थितीत राखावा, अशी आयोगाची योजना होती. काठच्या दुग्धव्यावसायिकांच्या सहकारी संस्थेला विजेसाठी धरण हवे होते. १९४७ मध्ये विधिमंडळाने आयोगाचा विरोध बाजूस सारून धरणाच्या बाजूने कायदा केला. आयोगाचे अधिकार विधिमंडळाने दिलेले होते आणि ते काढूनही घेता येत होते.

झोपडी आणि लेखन

१९३५ मध्ये लिओपोल्ड यांनी बाराबूजवळ विस्कॉन्सिन नदीकाठी एक पडीक शेत विकत घेतले. घर जळून गेलेले होते; कोंबड्यांची एक खोपटवजा इमारत तेवढी उभी होती. तीच दुरुस्त करून कुटुंब सुटीच्या दिवशी तेथे राहू लागले. द शॅक या नावाने ती आज प्रसिद्ध आहे. वाळूमय, कसहीन जमिनीवर दर वसंतात पाइनची हजारो रोपे लावली जात. पहिल्या वर्षांच्या अवर्षणात त्यांतील बहुतेक मेली आणि पुन्हा लावावी लागली. पक्षी केव्हा गाऊ लागतात, कोणते फूल केव्हा उमलते, याच्या तारीखवार नोंदी लिओपोल्ड ठेवीत.

हरणांचा वाद ऐन भरात असताना, एप्रिल १९४४ मध्ये, त्यांनी थिंकिंग लाइक अ माउंटन हा लांडगीवरील निबंध लिहिला. निसर्गचित्रे रेखाटणारे व पाणपक्ष्यांचे अभ्यासक असलेले त्यांचे विद्यार्थी अल्बर्ट हॉकबॉम यांनी पत्रांतून त्यांना टोचले होते की, लांडग्यांच्या नाशातील स्वतःच्या वाट्याविषयीही त्यांनी लिहावे. या निबंधाकडे पुष्कळदा केवळ आत्मचिंतन म्हणून पाहिले जाते. तो लिहिला जात असताना त्यांच्या टेबलावर संतप्त शिकाऱ्यांची पत्रे येत होती, हे लक्षात घेतल्यास त्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

निबंधांचे हस्तलिखित अनेक वर्षे प्रकाशकांकडून परत येत राहिले. अखेर १४ एप्रिल, १९४८ रोजी ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ते स्वीकारले. माती, पाणी, वनस्पती व प्राणी यांचाही माणसाच्या नैतिक समुदायात समावेश केला पाहिजे, हा विचार मांडणारा भूमी-नीती हा त्यातील अखेरचा व सर्वांत चर्चिला गेलेला निबंध होय.

मृत्यू आणि नंतर

२१ एप्रिल, १९४८ रोजी सकाळी शेजारच्या शेतात लागलेली गवताची आग लिओपोल्ड यांच्या पाइनच्या रोपांकडे सरकू लागली. पत्नी व धाकट्या मुलीसह ते ती विझविण्यास गेले. तेथेच हृदयविकाराचा झटका येऊन त्यांचे निधन झाले. ते ६१ वर्षांचे होते आणि आयोगाचे सदस्यत्व अद्याप त्यांच्याकडेच होते. बर्लिंग्टन येथे त्यांचे दफन करण्यात आले. पुत्र लूना यांनी हस्तलिखितावर अखेरचा हात फिरविला व १९४९ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले. प्रारंभी त्याचा खप बेताचाच होता. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वस्त आवृत्ती निघाल्यावर व पर्यावरण चळवळीला जोर आल्यावर ते सर्वदूर वाचले जाऊ लागले आणि आजवर त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या आहेत.

विस्कॉन्सिनच्या आयोगाने १९४९ मध्ये शिंगे नसलेल्या हरणांची शिकार पुन्हा खुली केली. १९५० च्या हंगामात कोणतेही हरीण मारण्याची मुभा होती आणि १९४३ पेक्षाही अधिक हरणे मारली गेली. तरी कळप नाहीसे झाले नाहीत. पुढे राज्याची विभागणी लहान क्षेत्रांत करून प्रत्येकासाठी वेगळा कोटा ठरविण्याची पद्धत आली. १९४३ च्या हंगामात नेमकी हीच उणीव होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस राज्य सरकारच्या पुनर्रचनेत संवर्धन विभागाचे रूपांतर नैसर्गिक संसाधन विभागात झाले आणि सहा सदस्यांच्या आयोगाची जागा सात सदस्यांच्या मंडळाने घेतली. संवर्धन काँग्रेसच्या काउंटीवार सभा मात्र चालू राहिल्या. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून शेजारच्या मिनेसोटातून लांडगेही विस्कॉन्सिनमध्ये परतू लागले.

लिओपोल्ड यांची पाचही अपत्ये निसर्गविज्ञानाच्या वा संवर्धनाच्या क्षेत्रात गेली. स्टार्कर हे वन्यजीवशास्त्रज्ञ, लूना जलशास्त्रज्ञ, कार्ल वनस्पतिशास्त्रज्ञ आणि एस्तेला पुरावनस्पतिशास्त्रज्ञ झाल्या; नीना यांनी झोपडीजवळच राहून वडिलांच्या नोंदींचे काम पुढे चालविले. १९८२ मध्ये या भावंडांनी आल्डो लिओपोल्ड प्रतिष्ठानाची स्थापना केली. नदीकाठची ती झोपडी आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ असून तिच्याभोवती कुटुंबाने लावलेले पाइन वृक्ष उभे आहेत.